त्यांनी लिहून दिलेल्या राजीनाम्यावर सही नको

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

ताई, मी 48 वर्षांची आहे. मुंबईतल्या एका जाहिरात एजन्सीत 17 वर्षं काढली. मराठी कॉपीरायटर म्हणून लागले, आता क्रिएटिव्ह डायरेक्टर आहे. गेल्या वर्षी आमची एजन्सी दुसऱ्या नेटवर्कमध्ये विलीन झाली आणि 34 वर्षांचे नवे क्रिएटिव्ह हेड आले. तेव्हापासून मला पिचला (क्लायंटसमोर कल्पना मांडायच्या बैठकीला) नेत नाहीत. ‘ताई, तुम्ही आता रिलॅक्स करा, धावपळ मुलं करतील’ हे सगळ्यांसमोर. एकदा मीटिंगमध्ये मी खिडकी उघडायला सांगितली, तर ‘एसी वाढवा रे, ताईंचं ते वय सुरू झालंय’ म्हणाले आणि सगळे हसले. माझं पद बदलून ‘लँग्वेज मेंटॉर’ केलं. यंदा पगारवाढ शून्य. माझ्याबरोबरीनं हिंदीचं काम बघणारे सहकारी 53 वर्षांचे आहेत, त्यांना मात्र नॅशनल हेड केलं. आता एचआरनं मेलवर राजीनाम्याचा मसुदा पाठवलाय. सही केली तर सहा महिने कन्सल्टंट म्हणून ठेवू, नाहीतर पीआयपी, म्हणजे ‘कामगिरी सुधारणा योजना’. सोमवारपर्यंत उत्तर हवंय. अडून बसलात तर ग्रॅच्युइटीचं अवघड होईल, असंही फोनवर सुचवलं. घराचे हप्ते चालू आहेत, मुलगा बारावीला आहे, घरी अजून कुणाला बोलले नाही. केस करू का? सोडून देऊ का? आणि हसू नका, पण केस काळे करायला लागू का?
— एक वाचक, ठाणे

सोमवारी सही करू नका. एवढं आधी पक्कं करा, मग पुढचं वाचा. ‘विचार करायला वेळ हवा आहे, उत्तर लेखी कळवते’ असा दोन ओळींचा मेल टाका आणि गप्प बसा. सोमवार ही त्यांनी घातलेली मुदत आहे, कुठल्या कायद्यानं घातलेली नाही.

राजीनामा म्हणजे ‘मी माझ्या मर्जीनं जाते आहे’ असं तुमच्या सहीनं दिलेलं लेखी. तो फाइलला लागला की पिचमधून वगळणं, टोमणे, शून्य पगारवाढ यातलं काहीच घडलं नव्हतं असं कागद बोलायला लागतो. नंतर ‘माझ्यावर दबाव होता’ हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल, आणि ते सोपं नसतं. मसुद्याचा तो मेल मात्र जिवापाड जपा. मर्जीचा राजीनामा कंपनीनंच टाइप करून पाठवला, यापेक्षा चांगला पुरावा तुम्हाला कुणी आणून दिला नसता.

ग्रॅच्युइटीचं भय मनातून काढून टाका. सलग पाच वर्षं नोकरी झाली की ती तुमची. राजीनामा द्या, काढून टाकू द्या, निवृत्त व्हा, ती मिळतेच. कंपनीचं नुकसान केलं, मारामारी केली किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला, अशा मोजक्या कारणांनीच ती अडवता येते, आणि पिचला न जाणं त्यात बसत नाही. हिशेब सरळ आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. समजा मूळ पगार 80,000 असेल, तर 17 वर्षांचे सुमारे 7 लाख 84 हजार होतात. फोनवर ज्यानं हे ‘सुचवलं’ त्याला मेलवर विचारा, की आपण ग्रॅच्युइटीबद्दल जे म्हणालात ते कोणत्या तरतुदीखाली? लेखी उत्तर येणार नाही, पण तुमचा प्रश्न तारखेसकट नोंदला जाईल.

आणि घरी आज सांगा. सोमवार येईपर्यंत हे एकटीनं पोटात ठेवाल, तर घाबरून सही कराल.

आता केसबद्दल. आधी वाईट बातमी. खासगी कंपनीत केवळ वयावरून केलेल्या भेदभावाविरुद्ध आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत चाळिशीच्या पुढच्या नोकरदारांसाठी 1967 पासून कायदा आहे, ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यात वय हा शब्द लिहिलेला आहे. आपल्या राज्यघटनेतली समानतेची कलमं मुख्यतः सरकारला बांधतात, तुमच्या एजन्सीला थेट नाही. म्हणून ‘माझं वय झालं म्हणून मला काढताहेत’ एवढंच घेऊन वकिलाकडे गेलात, तर तो चहा पाजेल आणि परत पाठवेल.

पण तुमच्या पत्रातच उत्तर आहे. तुमचे हिंदीवाले सहकारी 53 वर्षांचे आहेत. वय हाच अडसर असता तर ते तुमच्याआधी पाच वर्षं ‘रिलॅक्स’ झाले असते. त्यांचं वय अनुभवात जमा होतं आणि तुमचं थकव्यात. म्हणजे तुमच्या ऑफिसात वय फक्त बाईला लागतं. याला कायद्याच्या चौकटीत लिंगभेद म्हणून उभं करता येतं, आणि लिंगभेदाविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे. आधी 1976 चा समान वेतन कायदा होता. त्याची जागा घेणारी वेतन संहिता 2019 सालची, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. सारख्या कामाला सारखं वेतन, लिंगावरून फरक नाही. आणि तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे, या संहितेत ‘कर्मचारी’ म्हणताना व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदंही धरली आहेत. कामगार कायद्याचं नाव काढलं की आपल्याला वाटतं हे कारखान्यातल्यांचं. इथं क्रिएटिव्ह डायरेक्टरही येते. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो.

कंपनी यावर काय म्हणेल तेही सांगते: ‘त्यांचं काम आणि यांचं काम वेगळं आहे. ते नॅशनल हेड, या लँग्वेज मेंटॉर.’ तुमचं पद बदललं ते यासाठीच, असं मी म्हणणार नाही, पण त्याचा उपयोग याच कामी होणार. म्हणून दोन जुने खटले माहीत असू द्या. दोन्ही मुंबईच्या नोकऱ्यांतून निघालेले आहेत, आणि निकाल मात्र उलटसुलट.

पहिला ऑड्री डिकॉस्टा यांचा. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत त्या स्टेनोग्राफर होत्या. तिथं ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असा बायकांचा वेगळा वर्ग होता आणि त्यांना पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगार. 1977 मध्ये कंपनीनं नोकरी संपवल्यावर त्यांनी फरकाचे पैसे मागितले. कंपनीनं युक्तिवाद केला की हा वर्गच निराळा, शिवाय युनियनशी तसा करार झालाय, शिवाय परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1987 मध्ये यातलं काही ऐकलं नाही. पाटी काय आहे ते सोडा, हातून होणारं काम सारखं आहे का ते बघा, असा त्या निकालाचा रोख. कंपनीला परवडतं की नाही, यावर कायदा अवलंबून नाही हेही त्यात आलं.

दुसरा त्याआधीचा, 1981 चा, एअर इंडियाचा. हवाई सुंदरींना 35 व्या वर्षी निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर घरी, पहिल्यांदा गरोदर राहिली तरी घरी. विमानातले पुरुष परिचर मात्र 58 पर्यंत. नर्गेश मीर्झा यांच्या त्या खटल्यात न्यायालयानं गरोदरपणाची अट उडवून लावली, 35 नंतर कुणाला ठेवायचं हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोडणारी तरतूदही रद्द केली. पण पुरुष परिचर आणि हवाई सुंदरी हे वेगवेगळे संवर्ग आहेत, म्हणून निवृत्तीच्या वयातला फरक भेदभाव नाही, हेही मान्य केलं. एकाच विमानात तोच चहा वाटणारे दोघं, पण कागदावर संवर्ग वेगळा! मला तो भाग आजही पटत नाही. पण तुमच्या कामाचा आहे, कारण तुमच्या बाबतीत सगळं याच एका प्रश्नावर अडणार आहे: तुम्ही आणि ते सहकारी सारखं काम करत होता का?

ते दाखवायची तयारी या आठवड्यात करा. गेल्या तीन वर्षांत कोणते ब्रँड कुणी सांभाळले, किती जणांची टीम कुणाकडे होती, कोणत्या पिच कुणी मांडल्या, क्लायंटच्या शाबासकीचे मेल, अप्रेझलची पत्रं, नियुक्तीपत्र. नियुक्तीपत्रात निवृत्तीचं वय बघा. 58 किंवा 60 लिहिलेलं असेल, तर ‘वय झालं’ या भाषेला कंपनीनंच आधी उत्तर दिलेलं आहे. पदाचं नाव बदललं तो मेल शोधा. त्याचं कारण दिलं होतं का? जॉब डिस्क्रिप्शन दिलं होतं का? आणि पिचला न नेण्याच्या तारखा आठवतील तशा लिहून काढा, सोबत कोण होतं तेही.

एक खबरदारी. क्लायंटची प्रेझेंटेशन्स, स्ट्रॅटेजी डेक, रेट कार्ड यातलं काहीही स्वतःच्या मेलवर पाठवू नका. तुमची स्वतःची पत्रं तुमची आहेत, क्लायंटचा माल नाही. गोपनीयतेचा भंग केला म्हणून तुम्हालाच काढायची संधी त्यांना कशाला द्यायची?

आणि इथून पुढं तोंडी काहीही झालं, की संध्याकाळी मेल: ‘आज आपल्या बोलण्यात असं ठरलं असं मी समजते, काही चुकलं असेल तर कळवावं.’ सूर गोड ठेवा. चिडून लिहिलेला मेल वाचताना लोक तुमचा राग बघतात, मुद्दा राहून जातो.

तारखांचा क्रम किती उपयोगी पडतो ते लंडनच्या एका प्रकरणात दिसलं. जेडब्ल्यूटी या एजन्सीतल्या एका क्रिएटिव्ह डायरेक्टरनं 2018 मध्ये व्यासपीठावरून सांगितलं, की गोरे, ब्रिटिश, सुखवस्तू पुरुष अशी आमची जी ओळख झालीय ती आम्हाला पुसून टाकायची आहे. ऑफिसातल्या काही पुरुषांनी एचआरकडे शंका मांडली, की मग आमचं काय? थोड्याच दिवसांत त्यांची नोकरी गेली. 2021 मध्ये लवादानं दोघा क्रिएटिव्ह डायरेक्टरांचा लिंगभेदाचा दावा मान्य केला. तिथं पुरुषांच्या बाजूनं निकाल लागला हे वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील, पण मला त्यात गैर वाटत नाही. वाक्य नोंदलेलं होतं, तक्रार लेखी होती आणि काढणं त्यानंतरचं होतं. तुमच्याकडे वाक्यं आहेत, नोंद नाही. ती करायची आहे.

आता ‘एसी वाढवा’ बद्दल. तुम्ही थेट विचारलं नाही, पण पत्रात ते खुपतंय. लैंगिक छळविरोधी 2013 च्या कायद्याखाली तुमच्या ऑफिसात अंतर्गत समिती असलीच पाहिजे (दहा किंवा अधिक कर्मचारी असले की ती सक्तीची आहे), आणि घटनेपासून तीन महिन्यांत तिथं तक्रार करता येते. पण खरं सांगायचं तर, एकट्या या वाक्यावर समिती ‘हे अपमानास्पद आहे, लैंगिक नाही’ म्हणू शकते. बाईच्या शरीरावरून पुन्हापुन्हा बोललं गेलं असेल, आणखी मुलींनाही तसं ऐकावं लागत असेल, तर चित्र पालटतं. जे घडलं तेवढंच लिहा, त्याला फोडणी देऊ नका. समितीकडे जायचं नसेल तरी एचआरला पाठवायच्या पत्रात हा प्रसंग तारखेसकट येऊ द्या.

हे तुमच्याच वाट्याला आलं असं मात्र समजू नका. जाहिरात धंद्याला वयाचं वावडं जुनं आहे. डब्ल्यूपीपी या जगातल्या बलाढ्य जाहिरात समूहाच्या प्रमुखांनी 2020 मध्ये गुंतवणूकदारांसमोर अभिमानानं सांगितलं होतं, की आमच्याकडच्या लोकांचं सरासरी वय तिशीच्या आत आहे, ते सुदैवानं ऐंशीच्या दशकात रमत नाहीत. बोंब झाल्यावर माफी मागावी लागली. मुळात यात संस्कृतीपेक्षा पैसा जास्त आहे. पूर्वी एजन्सीला माध्यमांकडून पंधरा टक्के कमिशन मिळायचं, त्यात अनुभवी माणसं पोसली जायची. आता क्लायंट माणसागणिक, तासागणिक फी ठरवतो आणि त्याचं खरेदी खातं दरवर्षी ती कापतं. वरून नेटवर्कांची विलीनीकरणं. जेडब्ल्यूटी हे नावसुद्धा आता एजन्सीच्या पाटीवर उरलेलं नाही. एक्सेलशीट उघडली की 48 वर्षांच्या पगारात तीन ज्युनिअर बसतात. हे कारण मला कळतं. पण ते कारण असेल तर 53 वर्षांच्या पगारात चार बसले असते की! खर्च कापायचा आहे हे खरं आणि कापताना हात आधी बाईकडे जातो हेही खरं.

(अवांतर: जाहिरातीत पन्नाशीची बाई दिसते कुठं? गुडघ्याच्या तेलात, सासूच्या भूमिकेत आणि विम्यात नवऱ्याच्या खांद्यामागे. जाहिरात मानक परिषद म्हणजे एएससीआयनं 2022 मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती पडद्यावरच्या बाईसाठी आहेत. जाहिरात लिहिणारीसाठी अजून काही निघालेलं नाही.)

कोर्टाकडून किती अपेक्षा ठेवायची तेही स्पष्ट सांगते. खासगी कंपनीतल्या वरिष्ठ पदावरच्या माणसाला कोर्ट सहसा पुन्हा खुर्चीत बसवत नाही. करारातल्या नोटिशीचा पगार, फार तर नुकसानभरपाई. वेतनातल्या फरकाचा दावा वेगळा, तो लढण्यासारखा असू शकतो, पण वर्षं जातात. म्हणून माझं मत असं: हे सगळे कागद कोर्टात जाण्यासाठी जमवू नका, टेबलावर बसून बोलण्यासाठी जमवा. ज्या बाईकडे फाइल आहे हे एचआरला कळतं, तिच्याशी ते वेगळ्या आवाजात बोलतात. कामगार कायद्यांचं काम करणाऱ्या वकिलाची एक बैठक मात्र याच आठवड्यात पैसे देऊन घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मावसभावाचा सल्ला नको.

पीआयपीला घाबरू नका, पण त्यात जीवही अडकवू नका. पीआयपी काढलं, तर बहुतेक वेळा निर्णय आधीच झालेला असतो आणि पुढचे महिने कागद रंगवण्यासाठी असतात. तरी ते घ्या. उद्दिष्टं मोजता येतील अशी लिहून मागा, दर आठवड्याला काय केलं ते मेलवर कळवा. 17 वर्षांत पहिल्यांदाच कामगिरी एकदम खालावली, तीही पद बदलल्यावर आणि पिच काढून घेतल्यावर, याचा खुलासा त्यांना करावा लागेल. आणि तेवढे महिने पगार चालू राहतो, हप्ते भरले जातात. हेही काही कमी नाही.

जायचंच ठरलं, तर किंमत ठरवून जा. औद्योगिक संबंध संहितेत (नोव्हेंबर 2025 पर्यंत औद्योगिक विवाद कायद्यात) कामगाराला कपातीत काढताना वर्षाला 15 दिवसांचा पगार भरपाई म्हणून देण्याची पद्धत आहे. तुमच्या पदाला तो हक्क लागू होईल असं नाही, पण बोलणी सुरू करायला माप चांगलं आहे: 17 वर्षांचे साडेआठ महिने. त्यावर नोटिशीचा पगार, शिल्लक रजेचे पैसे, पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत घरच्यांचा मेडिक्लेम. अनुभवपत्रावर ‘क्रिएटिव्ह डायरेक्टर’ असंच लिहून घ्या. ‘मेंटॉर’ हे पद तुम्ही कुठं मागितलं होतं? आणि कारण ‘पुनर्रचना’ असं लिहायला सांगा, ‘वैयक्तिक कारण’ नाही. वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. ‘फुल अँड फायनलला पंचेचाळीस दिवस लागतात’ हे वाक्य ऐकवलं, तर तेही लेखी मागा.

केस काळे करायचे असतील तर करा, पार्लरवाल्या ताईंना चार पैसे मिळतील. अप्रेझलसाठी करू नका. ज्या सहकाऱ्याचे पांढरे केस क्लायंटसमोर शोभून दिसतात, त्यांच्या शेजारी तुमचे काळे केस तुम्हाला नॅशनल हेड करणार नाहीत.

कन्सल्टंटच्या गाजराबद्दल थोडं. सहा महिने तेच काम, तेच टेबल, पण पीएफ नाही, मेडिक्लेम नाही, रजा नाही, बिलातून 10 टक्के टीडीएस. सातव्या महिन्यात फोन बंद. तरीही बाहेरचं काम हा पर्याय मी मोडीत काढणार नाही, उलट तुमच्यासाठी तो बरा असेल असं मला वाटतं. हिंदी जाहिरातीचं शब्दाला शब्द लावून केलेलं मराठी आपण रोज होर्डिंगवर वाचतो आणि मान खाली घालतो. मराठीतच विचार करून ओळ लिहिणारी, रेडिओ स्पॉट कानानं तपासणारी माणसं मोजकी उरली आहेत आणि बँका, वाहन कंपन्या, दूधवाले, सरकारी खाती सगळ्यांना ती लागतात. पण ते काम त्यांच्या अटींवर नको. पैशांचा निकाल लागल्यावर, वेगळा करार, त्यात कामाची व्याप्ती, महिन्याचा आकडा, किती दुरुस्त्या फुकट आणि बिल किती दिवसांत चुकतं करायचं हे लिहिलेलं. वर्षाचं उत्पन्न 20 लाखांच्या पुढं जायला लागलं की जीएसटीची नोंदणी करावी लागेल, त्यासाठी सीए आधीच गाठून ठेवा. आणि करारात ‘दोन वर्षं इतर एजन्सींसाठी काम करणार नाही’ अशी ओळ घुसवली असेल तर दचकू नका. नोकरी संपल्यानंतर माणसाला धंदा करण्यापासून रोखणारी अट 1872 च्या करार कायद्याच्या 27 व्या कलमापुढे टिकत नाही. तरी ती ओळ खोडायला सांगा. त्यांनी खोडली नाही, तर तो करार वकिलाला दाखवल्याशिवाय त्यावरही सही नको.